प्रवासातलं नेट किती वेळा तुटतं, तेही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात तुमच्या पेपरात प्रवासात लॅपटॉपला नेट कुठून घ्यायचं यावर लेख आला होता, सोबत एक तक्ता पण होता, फोनचा हॉटस्पॉट, डोंगल (लॅपटॉपच्या यूएसबीत खोचायची सिमची कांडी), पॉकेट राउटर (खिशात मावणारी, सिमवरून वायफाय देणारी डबी), सिम टाकायचा लॅपटॉप आणि फुकटचं वायफाय असे पाच ऑप्शन आणि प्रत्येकासमोर त्याचा जास्तीत जास्त स्पीड. विषय घेतलात ते फार बरं केलंत, पण तो तक्ता बघून कोणी खरेदी केली तर ऐन कामाच्या वेळी त्याची पंचाईत होणार हे मला अनुभवाने माहीत आहे, म्हणून लिहायला बसलो. पत्र लांबलंय, पण शक्यतो पूर्ण छापा ही विनंती.

मी मशीन सर्व्हिसिंगच्या कामात आहे. महिन्यातले पंधरा-वीस दिवस ट्रेन, बस नाहीतर कुठल्यातरी साइटवर जातात आणि लॅपटॉप सतत उघडा असतो, रिपोर्ट पाठवणं, फोटो चढवणं, ऑफिसच्या कॉम्प्युटरवर रिमोटने जाऊन काहीतरी बघणं, हे सगळं मोबाइलच्या नेटवर. मध्ये एका साइटवर मशीनच्या कंट्रोलरचं फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आत चालणारं सॉफ्टवेअर, डाउनलोड करत होतो, साधारण दीड जीबीची फाइल, फोनचा हॉटस्पॉट ऑन, रेंज फुल, स्पीड पण चांगला. फाइल ८७ टक्क्यांवर आली आणि फोन वाजला. उचलला, दोन मिनिटं बोललो, ठेवला, आणि लॅपटॉपकडे बघतो तर डाउनलोड फेल. त्या सर्व्हरवर जिथे तुटलं तिथून पुढे सुरू करायची सोय नव्हती, म्हणजे परत शून्यापासून. समोर मशीन बंद, चार माणसं हात बांधून उभी, आणि मी प्रोग्रेस बारकडे बघत बसलेलो. तो दिवस मी विसरलो नाही.

नंतर शोधून काढलं तेव्हा कारण कळलं. बहुतेक ड्युअल सिम फोनमध्ये दोन सिम असली तरी रेडिओ एका वेळी एकाच सिमचं काम नीट करतो, त्यामुळे नेट एका सिमवर चालू असताना कॉल दुसऱ्या सिमवर घेतला की पहिल्याचं नेट थांबतं. एकच सिम असलं तरी त्यावर व्होल्टी, म्हणजे ४जीवरूनच कॉल करायची सोय, नसेल तर कॉल आला की फोन ४जी सोडून खाली ३जी किंवा २जीवर उतरतो, मग नेट रांगतं नाहीतर बंदच पडतं. बऱ्याच फोनमध्ये कॉल चालू असताना दुसऱ्या सिमवरून डेटा वापरू द्यायचा असं एक सेटिंग असतं, पण ते बऱ्याचदा ऑफ असतं आणि आपल्याला कोणी सांगत नाही. आता सांगा, ही गोष्ट स्पीडच्या तक्त्यात कुठे दिसणार? १५० एमबीपीएस लिहिलेलं असताना माझं काम कॉलमुळे बुडालं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की प्रवासातल्या नेटची तुलना स्पीडवर करायची नसते, ते किती वेळा तुटतं आणि तुटल्यावर किती वेळात परत उभं राहतं यावर करायची असते. घरी बसून सिनेमा बघणाऱ्याला स्पीड लागतो. चालत्या गाडीतून ऑफिसच्या कॉम्प्युटरवर रिमोटने काम करणाऱ्याला ५ एमबीपीएस सुद्धा पुरतात, फक्त ते टिकले पाहिजेत.

आता एकेक ऑप्शन माझ्या अनुभवातून सांगतो.

फोनचा हॉटस्पॉट हा सगळ्यात सोपा आणि माझ्या मते बहुतेक लोकांनी पहिला हाच वापरावा, पण वायफायवर नाही, केबलवर. यूएसबी टेदरिंग म्हणतात ते. फोनला डेटा केबल लावायची, सेटिंगमध्ये जाऊन यूएसबी टेदरिंग ऑन करायचं, झालं. वायफायचा मधला टप्पाच निघून जातो त्यामुळे पिंग, म्हणजे विनंती पाठवून उत्तर यायला लागणारा वेळ, सुधारतो, बाजूच्या प्रवाशांचे वीस हॉटस्पॉट असले तरी आपल्याला फरक पडत नाही, आणि फोन लॅपटॉपवर चार्ज होत राहतो. वायफाय हॉटस्पॉटवर दोन-तीन तासांत फोन गरम होऊन बॅटरी तळाला जाते हे सगळ्यांनी अनुभवलं असेल. फक्त केबल घेताना एक बघा, काही स्वस्त केबलमध्ये फक्त चार्जिंगच्या तारा असतात, डेटाच्या नसतात, मग फोन चार्ज होतो पण टेदरिंगचं बटण ऑनच होत नाही आणि माणूस फोनला दोष देत बसतो. दुसरं म्हणजे मॅकबुक आणि अँड्रॉइड फोन या जोडीचं केबलवर बऱ्याचदा जमत नाही, त्यांनी वायफायच वापरावं, जमलं तर ५ गिगाहर्ट्झवर (वायफाय साधारण २.४ किंवा ५ गिगाहर्ट्झवर चालतं, हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये निवडता येतं). ब्लूटूथवरूनही नेट देता येतं, बॅटरी कमी खातं, पण स्पीड एक-दोन एमबीपीएसच्या आसपास, मेल बघण्यापुरतं ठीक.

वायफायवरून एक आठवलं ते सांगतोच. लॅपटॉपला यूएसबी ३ ची हार्ड डिस्क लावली आणि फोन तिच्या शेजारी ठेवला की हॉटस्पॉट रडतो, हे माझ्या बाबतीत कितीतरी वेळा झालं आणि मला वाटायचं योगायोग असेल. तो योगायोग नाही, यूएसबी ३ च्या केबलमधून आणि पोर्टमधून २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट बाहेर पडतो, इंटेलने २०१२ साली यावर पेपरच काढला होता. फोन डिस्कपासून हातभर लांब ठेवा नाहीतर हॉटस्पॉट ५ गिगाहर्ट्झवर टाका, फरक लगेच दिसतो.

आता रेंज. फोनवरच्या दांड्या बघून ठरवू नका. किती सिग्नलला किती दांड्या दाखवायच्या याचा सगळ्यांना लागू असा नियमच नाही, प्रत्येक कंपनी आपल्या हिशोबाने दाखवते. अँड्रॉइडवर सेटिंगमध्ये अबाउट फोन, मग सिम स्टेटस, तिथे सिग्नल स्ट्रेंथ डीबीएममध्ये दिसते, उणे आकडा असतो. ४जीला उणे ८५ म्हणजे मस्त, उणे १०० च्या आसपास चालवून घ्यायचं, उणे ११५ च्या पुढे गेला की व्हिडिओ कॉलचा नाद सोडायचा. हा आकडा सरळ हिशोबाचा नाही, दर १० ने सिग्नल दहापट कमी होतो, म्हणजे उणे ८५ वरून उणे ११५ वर गेलात तर हजारपट कमी झाला. आणि सिग्नल कमी झाला की फोन जोर लावून ओरडायला लागतो, जास्त पॉवरने पाठवतो, म्हणून कमी रेंजमध्ये बॅटरी झपाट्याने उतरते.

ट्रेनच्या डब्याचा पत्रा सिग्नल अडवतो, आणि एसी डब्याच्या काचेवर उष्णता अडवणारा धातूचा पातळ थर असेल तर काचही अडवते. मी सीटवर बसून हा आकडा बघतो, मग फोन खिडकीच्या रबराजवळ धरून बघतो, मग डब्याच्या दारापाशी, आणि बहुतेक वेळा दारापाशी आकडा कितीतरी सुधारलेला असतो. फोन खिशात आणि लॅपटॉप मांडीवर असं करू नका, लांब केबल घ्या आणि फोन खिडकीशी टेकवून ठेवा, फुकटात होणारा हा सगळ्यात मोठा फायदा आहे.

तुमच्या तक्त्यात अपलोडचा रकानाच नव्हता. माझं निम्मं काम अपलोडचं. १२ फोटो, प्रत्येकी ४ एमबी, म्हणजे ४८ एमबी. अपलोड २ एमबीपीएस मिळाला तर साधारण सव्वातीन मिनिटं, अर्धा एमबीपीएस मिळाला तर जवळजवळ तेरा मिनिटं, आणि चालत्या गाडीत तेरा मिनिटं नेट सलग टिकणं अवघड. इथे एमबी आणि एमबीपीएस यात लोकांचा नेहमी घोटाळा होतो. फाइल बाइटमध्ये मोजतात, स्पीड बिटमध्ये, आणि ८ बिटचा एक बाइट, म्हणून १६ एमबीपीएस लिहिलेलं असलं तर सेकंदाला २ एमबीच येणार. पॅक संपल्यावर बऱ्याच कंपन्या स्पीड ६४ केबीपीएसवर आणतात, त्याला अनलिमिटेडच म्हणतात, पण ६४ केबीपीएस म्हणजे सेकंदाला ८ केबी, माझा ४ एमबीचा एक फोटो जायला आठ मिनिटं. त्याला नेट चालू आहे असं कसं म्हणायचं?

डोंगलचं मात्र आता फारसं काही राहिलं नाही असं मला वाटतं. एके काळी माझ्या बॅगेत तोच असायचा. अनेकांच्या ड्रॉवरमध्ये जुना ३जी डोंगल पडलेला असेल, तो घेऊन निघायच्या आधी तपासा, कारण बऱ्याच देशांत ३जी बंद झालंय, जर्मनीत २०२१ मध्ये, अमेरिकेत २०२२ मध्ये, तिथे तो डोंगल काही कामाचा नाही. साधा ४जी डोंगल कागदावर १५० एमबीपीएस डाउनलोड आणि ५० अपलोड दाखवतो, पण आत अँटेना इवलासा, लॅपटॉपच्या उबेत तो तापतो, आणि लॅपटॉपच्या बाजूला बाहेर आलेला असतो त्यामुळे एक धक्का लागला की डोंगल आणि पोर्ट दोन्ही जातात. तरी कोणाकडे असेल तर एक मीटरची यूएसबी एक्स्टेन्शन केबल घ्या आणि डोंगल खिडकीला लटकवा.

पॉकेट राउटर, ज्याला लोक मायफाय म्हणतात, त्याचा खरा फायदा स्पीड नाही. फायदा हा की फोन मोकळा राहतो. कॉल आला तरी नेट चालू, फोनची बॅटरी शाबूत, राउटर खिडकीत आणि तुम्ही आपल्या जागेवर. दोन-तीन माणसं एकत्र प्रवास करत असतील आणि दिवसभर काम असेल तर मी डोळे झाकून हाच घ्या म्हणेन. त्या फर्मवेअरच्या प्रकारानंतर मी हाच घेतला आणि मुद्दाम फोनपेक्षा वेगळ्या कंपनीचं सिम त्यात टाकलं. बॅटरी सहा-आठ तास जाते असं म्हणतात पण कमी रेंजमध्ये तेवढी जात नाही, पॉवर बँक जवळ ठेवा. आणि महिनोन्महिने चोवीस तास चार्जिंगला लावून ठेवू नका, आतली बॅटरी फुगते, माझ्या एका सहकाऱ्याच्या राउटरचं मागचं झाकण असंच वर आलं होतं. तसं दिसलं की तो लगेच वापरायचा बंद करा, दाबून बसवू नका.

वेगळ्या कंपनीचं सिम हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. एकाच रस्त्याने मी वारंवार जातो आणि लॅपटॉपवर पिंगची कमांड (ती सतत विनंती पाठवून उत्तर येतंय का बघते) चालू ठेवून बघतो कुठे तुटतंय. एका सिमचं नेट ठरावीक पट्ट्यात जातं, दुसऱ्याचं दुसऱ्याच पट्ट्यात, आणि दोन्ही एकदम जातात असं फार थोडं. म्हणून दुप्पट स्पीडचं एक सिम घेण्यापेक्षा दोन साधी सिम बरी. पण नीट चौकशी करा, काही मोबाइल कंपन्यांचे स्वतःचे टॉवर नसतात, त्या दुसऱ्याचेच भाड्याने वापरतात, म्हणजे नावं दोन आणि टॉवर एकच असं होऊ शकतं आणि मग दोन सिम घेऊन उपयोग शून्य. परदेशी जाणार असाल तर तिथले बँड, म्हणजे तिथल्या नेटवर्कच्या लहरी, आपल्या राउटरला चालतात का आणि तो एकाच कंपनीला लॉक केलेला नाही ना हेही आधी बघावं, विमानतळावर उतरल्यावर नाही.

सिम टाकायचा लॅपटॉप, म्हणजे आतच मोडेम असलेला, हा कायम रस्त्यावर असणाऱ्यांसाठी सगळ्यात निवांत. झाकण उघडलं की नेट, ना केबल ना हॉटस्पॉट. अँटेना बहुतेक स्क्रीनच्या कडेने वर नेलेले असतात, एकमेकांपासून लांब, त्यामुळे रेंजही चांगली पकडतो. नंतर कार्ड टाकून घेऊ असा विचार करून साधा मॉडेल घेऊ नका मात्र. कार्डाची जागा दिसली तरी अँटेनाच्या तारा बऱ्याचदा आत घातलेल्याच नसतात, आणि काही कंपन्यांचे लॅपटॉप त्यांनी मान्य केलेलं कार्ड सोडून दुसरं घेत नाहीत.

स्टेशन, विमानतळ, हॉटेल यांचं वायफाय बसल्या जागी मोठी फाइल उतरवायला चांगलं, पण नाव बघून जोडू नका, त्याच नावाचं खोटं वायफाय कोणीही पाच मिनिटांत उभं करू शकतं. बँकेचं काम तरी आपल्या सिमवरच करा. आणि चालत्या गाडीतलं वायफाय म्हणजे बहुतेक वेळा छतावरच्या अँटेनाने घेतलेलं मोबाइलचंच नेट असतं, अख्ख्या गाडीत वाटलेलं, त्यातून वेगळ्या चमत्काराची अपेक्षा नको. उपग्रहाच्या नेटबद्दलही लोक विचारतात. जुन्या पद्धतीचे उपग्रह ३५,७८६ किलोमीटरवर असतात, विनंती वर जाऊन खाली आणि उत्तर परत वर जाऊन खाली एवढ्यातच जवळजवळ अर्धा सेकंद जातो, रिमोटचं काम त्यावर होत नाही. स्टारलिंकसारखे ५५० किलोमीटरच्या आसपास फिरतात म्हणून तिथे उशीर कमी, पण डिश, वीज आणि मोकळं आकाश लागतं, ट्रेनच्या सीटवर बसून ते होणारं काम नाही.

आणखी एक गोष्ट जी तुमच्या लेखात यायलाच हवी होती. लॅपटॉपला वायफाय दिसलं की तो समजतो हे घरचंच नेट आहे, आणि विंडोजचे अपडेट, क्लाउडवरचं सिंक, सगळं एकदम सुरू करतो. दिवसाचा पॅक सकाळीच संपतो आणि माणूस म्हणतो मी तर काही बघितलंच नाही. विंडोजमध्ये त्या कनेक्शनच्या प्रॉपर्टीजमध्ये मीटर्ड कनेक्शन (म्हणजे मोजून मिळणारं नेट, जपून वापर) असं बटण आहे, ते ऑन करा, मॅकमध्ये लो डेटा मोड आहे. केबलने फोन जोडला तर विंडोजला ते इथरनेट दिसतं, तिथे मीटर्ड वेगळं ऑन करावं लागतं, वायफायला केलेलं तिथे लागू होत नाही, मी यात एकदा पूर्ण दिवसाचा डेटा घालवलाय. व्हिडिओचं म्हणाल तर नेटफ्लिक्स स्वतःच सांगतं की एचडीला तासाला ३ जीबीपर्यंत लागतात आणि साध्या क्वालिटीला १ जीबीपर्यंत, मग प्रवासात साधीच ठेवा.

शेवटी कंपन्यांबद्दल. मी एकदा अनलिमिटेड लिहिलेला प्लॅन घेतला, फोनवर सगळं व्यवस्थित, पण लॅपटॉप जोडला की थोड्या वेळात स्पीड तळाला. कस्टमर केअरला तीन वेळा फोन केल्यावर सांगण्यात आलं की हॉटस्पॉटची लिमिट वेगळी आहे आणि ती नियम व अटींमध्ये दिलेली आहे. शोधली तर खरंच होती, शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात. लॅपटॉपवर पोट असलेल्या माणसाला हीच माहिती सगळ्यात आधी हवी असते आणि हीच लपवून ठेवायची हे मला अत्यंत चुकीचं वाटतं. अमेरिकेत एप्रिल २०२४ पासून मोठ्या इंटरनेट कंपन्यांना खाण्याच्या पाकिटावर असतं तसं लेबल लावणं बंधनकारक झालंय, त्यात नेहमी मिळणारा डाउनलोड, अपलोड, पिंगचा उशीर आणि किती डेटा ते लिहावं लागतं, मोबाइललाही. असं सगळीकडे का होऊ नये?

तर माझी विनंती अशी की पुढचा तक्ता कराल तेव्हा तुमच्याच प्रतिनिधींना दोन-तीन ऑप्शन घेऊन एकाच गाडीत बसवा, तासभर पिंग चालू ठेवा, आणि स्पीडच्या शेजारी चार रकाने वाढवा: तासात किती वेळा तुटलं, अपलोड किती मिळाला, कॉल आल्यावर काय झालं, आणि हॉटस्पॉटची वेगळी लिमिट आहे का. कंपनीचं नाव घालून छापा. माझ्याकडे माझ्या नेहमीच्या रस्त्यांच्या नोंदींची वही आहे, उपयोगी पडणार असेल तर पाठवायला तयार आहे.

कळावे,
आपला एक नियमित वाचक